भिंतीतली लपलेली गळती फोडाफोड न करता कशी शोधावी? (रो-हाऊस, नाशिक)

गोदाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार.

नाशिकमध्ये आमचे दुमजली रो-हाऊस आहे. बांधकाम २००४ सालचे. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात, जिन्यालगतच्या भिंतीवर, छताखाली साधारण दीड फुटावर डिसेंबरात ताटाएवढा ओलसर डाग दिसू लागला. आता तो परातीएवढा झाला आहे, कडेने रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि बोट फिरवले की पांढरी पूड हाताला लागते. पावसाळा संपून चार महिने झाले, त्यामुळे हे पावसाचे पाणी असावे असे वाटत नाही.

डागाच्या वर, डावीकडे सुमारे सहा फुटांवर, पहिल्या मजल्यावरचे न्हाणीघर आहे. एका प्लंबरने न्हाणीघराची संपूर्ण फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल असे सांगितले. दुसऱ्याने टाइलच्या सांध्यांत रसायन भरले की काम होईल, असे ठामपणे सांगितले. दोघांनीही पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाहिले नाही.

पाण्याची व्यवस्था अशी आहे. महापालिकेचे पाणी सकाळी येते आणि अंगणातल्या हौदात पडते. तिथून ते मोटारीने गच्चीवरच्या १००० लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत चढते. शेजारी २०० लिटरचा सोलर आहे, तो २०१५ मध्ये बसवला. सर्व पाइप भिंतीच्या आतून गेलेले आहेत. जानेवारीत एका लग्नासाठी आम्ही चार दिवस घर बंद करून गेलो होतो. परतलो तेव्हा डाग थोडा वाढलेलाच वाटला.

फोडाफोड करण्याआधी गळती नेमकी कुठे आहे हे स्वतः शोधण्याचा काही मार्ग आहे का?

जुना_अभियंता | १० फेब्रुवारी, रात्री ११.०५

मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने आपल्या घरात आहेत. मी पाणीपुरवठ्याच्या कामात तीस वर्षे काढली, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी सुरक्षेचे. त्या भिंतीवर किंवा तिच्या मागच्या बाजूला स्विचबोर्ड असेल, तर त्या भागाचा एमसीबी आजच बंद करा. ओल्या भिंतीतून गेलेली वायर ही गळतीपेक्षा मोठी काळजी आहे.

आता मूळ प्रश्न. ओल दिसते ती जागा आणि पाणी निसटते ती जागा एकच असेल असे गृहीत धरू नका. पाइप बसवण्यासाठी भिंतीत पाडलेली खाच नंतर सिमेंटने भरतात, पण ती क्वचितच पूर्ण भरली जाते. निसटलेले पाणी त्या पोकळीतून खाली उतरते, वाटेत बीम किंवा लिंटेल (दारा-खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) लागले की त्यावरून आडवे सरकते आणि जिथे प्लास्टर कच्चे असेल तिथून बाहेर येते. त्यामुळे मी जागेपेक्षा वेळेला जास्त महत्त्व देतो. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट पाहावी. न्हाणीघर वापरल्यानंतर काही तासांनी वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी निघून जाण्याचे जाळीखालचे भांडे) किंवा फरशी पाहावी. कोणी वापर करो वा न करो, ओल रात्रंदिवस वाढतच असेल, तर ज्या पाइपमध्ये सतत पाणी भरलेले असते त्याच पाइपवर संशय घ्यावा.

आपण जाता जाता लिहिलेले लग्नाचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चार दिवस न्हाणीघरात थेंबभर पाणी सांडले नाही, तरी डाग वाढला. तरीही हा पक्का पुरावा नव्हे, कारण न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबमध्ये भरलेला विटांचा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि आठवडेच्या आठवडे पाझरत राहतो. म्हणून मोजमाप करू.

टाकी रात्री पूर्ण भरून घ्या आणि मोटार बंद ठेवा. रात्रीच्या वापरासाठी दोन बादल्या पाणी बाजूला काढून ठेवा आणि घरात सर्वांना बजावा की नळ उघडायचा नाही, फ्लशचे बटण दाबायचे नाही. टाकीच्या तोंडापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर स्टीलच्या टेपने मोजा. सकाळी, कोणी उठण्याआधी, त्याच ठिकाणाहून पुन्हा मोजा. टाकीचा परीघ किती आहे तेही कळवा.

कोयनाकाठी | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे, कराडजवळच्या मलकापुरात, पाणी चोवीस तास असते आणि प्रत्येक घराला मीटर आहे. घरातले सर्व नळ बंद करून मीटरकडे पाहायचे. मधले छोटे चांदणीसारखे चाक फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे, असे आमचे साधे गणित आहे.

जुना_अभियंता | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

आपल्याकडे ते गणित बरोबर आहे, कारण मीटरमधून आलेले पाणी थेट घरातल्या नळांपर्यंत जाते आणि त्याला सतत दाब असतो. आणखी बारकाईने पाहायचे असेल तर मीटरवरच्या लाल काट्यांपैकी ज्याखाली ०.०००१ लिहिलेले असते तो काटा पाहावा. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक लिटर. घड्याळ लावून फेरे मोजले की गळतीचा वेग लिटरमध्येच हाती येतो.

गोदाकाठ यांच्या घरी मात्र मीटरनंतर हौद आहे. हौद भरला की फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो आणि मीटर थांबते. घरात पाण्याचा पाट वाहिला तरी त्या मीटरला त्याचा पत्ता लागणार नाही. त्यांच्या मीटरवरून फक्त रस्ता ते हौद एवढ्याच पाइपची परीक्षा होईल, आणि तीही पाणी येण्याच्या वेळातच. परदेशी व्हिडिओ पाहून मीटरसमोर ताटकळत उभे राहिलेले अनेक लोक मी पाहिले आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत खरे मीटर गच्चीवरची टाकी हेच असते.

जाईजुई | ११ फेब्रुवारी, दुपारी २.३०

धाग्याचा विषय थोडा वाढवते, त्याबद्दल क्षमस्व. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या काकांच्या न्हाणीघराच्या छतातून रोज सकाळी थेंब पडतात आणि साडेदहाच्या सुमारास थांबतात. त्यांचे म्हणणे आहे की दोष आमचा. आमची फरशी तर कोरडी ठणठणीत आहे. सोसायटीच्या सचिवांनी 'तुम्ही दोघे आपसात मिटवा' असे सांगून हात वर केले आहेत. आमच्याकडे कोणती चाचणी लागू पडेल?

पाना_आणि_टेफ्लॉन | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०

कोल्हापुरात प्लंबिंगची कामे घेतो. जाईजुईताई, थेंबांची वेळ तुमच्या आंघोळीच्या वेळेशी जुळते, त्यामुळे नळाची लाइन नसून सांडपाण्याची बाजू आहे असे मी म्हणेन. फरशी वरून कोरडी असणे यावरून काहीच ठरत नाही. पाणी टाइलच्या खालून जाते.

एका दिवशी एकच चाचणी करा. पहिल्या दिवशी नहाणी ट्रॅपचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड भरून घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी तुंबवा, त्यात खाण्याचा लाल रंग टाका आणि चोवीस तास ठेवा. आधी उंबरा पुरेसा उंच आहे का ते पाहा, नाहीतर पाणी बेडरूममध्ये जाईल. खाली लाल थेंब आले तर फरशी किंवा कडेचे सांधे दोषी आहेत. आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी बोळा काढून हिरव्या रंगाची बादली थेट ट्रॅपमध्ये ओता. तिसऱ्या दिवशी कमोडमध्ये निळा रंग टाकून फ्लश करा. तिन्ही चाचण्या एकाच दिवशी उरकल्या तर कोणते पाणी कुठून आले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

गोदाकाठ यांच्यासाठी दोन गोष्टी. गच्चीवरच्या व्हॉल्व्हवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २००४ च्या घरात पितळी गेट व्हॉल्व्ह असतील. ते वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे पूर्ण बंद होत नाहीत. व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्या लाइनवरचा सर्वांत खालचा नळ उघडून ठेवा. पाइपमधले पाणी निथळल्यानंतरही बारीक धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह नापास, आणि त्याच्या भरवशावर केलेली चाचणीही नापास. दुसरे म्हणजे मोटारीच्या पाइपचे टोक टाकीच्या पाण्यात बुडलेले आहे का ते पाहा. बुडलेले असेल आणि हौदातला फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) खराब असेल, तर टाकीतले पाणी उलटे हौदात उतरते. लोक त्याला गळती समजून भिंती फोडतात.

जुना_अभियंता | ११ फेब्रुवारी, रात्री ८.००

उलट्या प्रवाहाचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. तो अगदी योग्य आहे.

जाईजुई, खर्चाविषयी एवढेच सांगतो की सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक जलवाहिन्या, सामाईक ड्रेनेज आणि गच्ची यांची दुरुस्ती संस्थेकडे सोपवलेली आहे, तर सदनिकेच्या आतली दुरुस्ती सभासदाकडे. त्यामुळे पाणी आपल्या ट्रॅपच्या सांध्यातून येते की इमारतीच्या उभ्या सामाईक पाइपातून, हे आधी ठरवावे लागेल. ते ठरवण्यासाठी सचिवांनी चाचणीच्या वेळी खालच्या घरात उपस्थित राहणे गरजेचे आहे. नुसते 'आपसात मिटवा' म्हणून चालत नाही.

गोदाकाठ | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

काल रात्री मोजमाप केले. टाकीचा परीघ ३४० सेंटिमीटर भरला. मोटारीचा पाइप टाकीच्या वरून येतो आणि पाण्याच्या पातळीच्या वरच संपतो. रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत पातळी साडेचार सेंटिमीटर उतरली. ही माझी मोजण्यातली चूक असावी असे वाटून मी तीनदा मोजले, पण उत्तर तेच आले.

जुना_अभियंता | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

परीघ ३४० सेंटिमीटर म्हणजे त्रिज्या साधारण ५४ सेंटिमीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग ९,२०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपल्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी उतरली की ९.२ लिटर पाणी गेले. साडेचार सेंटिमीटरला ४१ लिटर, म्हणजे तासाला जवळपास ६ लिटर. दिवसाला १४० लिटर होतात. एवढे सगळे पाणी त्या भिंतीत जात असते तर एव्हाना खाली थारोळे साचले असते. याचा अर्थ यातला काही भाग अशा ठिकाणी जात आहे जिथे तो दिसत नाही, आणि अशी पहिली जागा कमोड.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका, अर्धा तास बटण दाबू नका आणि मग कमोडच्या भांड्यात पाहा. रंग उतरला असेल तर आतले रबरी झाकण नीट बसत नाही. हे पाणी इतके पातळ पसरून वाहते की डोळ्यांना दिसत नाही आणि आवाजही येत नाही.

गोदाकाठ | १४ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

वरच्या कमोडमध्ये दहा मिनिटांतच रंग उतरला! खालचा कमोड ठीक आहे. वरच्या फ्लशचा अँगल कॉक बंद करून रात्री पुन्हा मोजले, तर सात तासांत पातळी फक्त दोन सेंटिमीटर उतरली. पाणी वाया जात होते याचे वाईट वाटले, पण दोष सापडला म्हणून आनंदही झाला. मग भिंतीतली ओल त्या फ्लशमुळेच का?

जुना_अभियंता | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.००

नाही. फ्लशमधून निसटलेले पाणी कमोडमार्गे सांडपाण्यात जात होते. ते भिंतीत शिरण्याचे कारण दिसत नाही. आपल्याला एकाऐवजी दोन गळत्या होत्या, त्यातली मोठी सापडली. पुष्कळ लोक इथेच थांबतात, पाण्याचा हिशेब कमी झाला म्हणून समाधान मानतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा डागापुढे उभे राहतात. उरलेले दोन सेंटिमीटर म्हणजे १८ लिटर, तासाला सुमारे अडीच लिटर. आपला शोध या अडीच लिटरचा आहे.

टाकीतून किती लाइन निघतात? प्रत्येकीवर स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल तर आता रोज रात्री एकच लाइन बंद करा आणि बाकीच्या उघड्या ठेवा. ज्या रात्री पातळी जागची हलणार नाही, ती लाइन दोषी. घाई करू नका; चार रात्री लागल्या तरी त्या फरशीपेक्षा स्वस्त आहेत.

शंकासुर | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

चार रात्री जागण्यापेक्षा यंत्राने गळती शोधून देणाऱ्यांना बोलवावे. ते जमिनीला कान लावण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणतात आणि तासाभरात जागा दाखवतात, असे ऐकले आहे.

पाना_आणि_टेफ्लॉन | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

त्या यंत्राला मी नावे ठेवत नाही, पण ते कुठे चालते हे माहीत असायला हवे. पाणी दाबाने बारीक छिद्रातून बाहेर पडताना जो आवाज होतो तो यंत्र ऐकते. रस्त्याखालच्या लोखंडी पाइपमध्ये दाब चांगला असतो आणि धातूमधून आवाज लांबवर जातो, तिथे ते उत्तम. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. दुमजली घरात तळमजल्यावरही तो एक किलोच्या आतच असतो आणि पहिल्या मजल्यावर त्याच्या निम्मासुद्धा नसतो. शिवाय सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) पाइप आवाज गिळतो. अशा घरात तासाला अडीच लिटरची गळती ऐकू येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर मी दोन प्रश्न जास्त विचारीन.

मुंबई-पुण्यात काही जण पाइप रिकामा करून त्यात हायड्रोजन आणि नायट्रोजनचे मिश्रण भरतात आणि भिंतीबाहेर हायड्रोजन कुठे येतो ते यंत्राने हुंगतात. मिश्रणात हायड्रोजन पाचच टक्के असल्यामुळे ते पेटत नाही. पद्धत चांगली आहे, पण खर्चिक. तिच्याआधी व्हॉल्व्ह बंद करून पाहण्याला पैसे पडत नाहीत.

जाता जाता, ज्यांच्या घरी प्रेशर पंप आहे त्यांना सर्वांत सोपी खूण मिळते. सर्व नळ बंद असताना पंप रात्री अधूनमधून दोन-चार सेकंद आपोआप चालू होत असेल, तर एकतर गळती आहे किंवा पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गेला आहे.

शंकासुर | १४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

मग सगळ्या लाइनला हातपंपाने दहा किलोचा दाब देऊन काटा पडतो का ते पाहिले तर? आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने तसेच केले होते.

जुना_अभियंता | १४ फेब्रुवारी, रात्री १०.००

नवी लाइन, टाइल लावण्याआधी, जरूर तपासावी. जुन्या घरात, विशेषतः आतून गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमध्ये, दहा किलोचा दाब देणे म्हणजे एक गळती शोधताना तीन नव्या करणे. तिथे नेहमीच्या दाबाच्या दीडपटीपलीकडे मी जाणार नाही, आणि गीझर व सोलर वेगळे केल्याशिवाय तर मुळीच नाही. पाना_आणि_टेफ्लॉन यांचे मत वेगळे असू शकेल.

पाना_आणि_टेफ्लॉन | १४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

सीपीव्हीसीला मी थोडा जास्त दाब देतो. जीआयबाबत मात्र आपल्याशी पूर्ण सहमत. एकदा हात पोळला आहे.

गोदाकाठ | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

चार रात्रींचा हिशेब देतो. टाकीतून तीन लाइन निघतात: न्हाणीघरांची थंड पाण्याची, स्वयंपाकघराची आणि सोलरला जाणारी.

न्हाणीघरांची लाइन बंद ठेवली त्या रात्री पातळी दोन सेंटिमीटर उतरली. स्वयंपाकघराची लाइन बंद ठेवली, तरी दोन. सोलरची लाइन बंद ठेवली, तर सकाळी टेप रात्रीच्याच आकड्यावर होती! व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो हे आधी खालच्या नळावर तपासून घेतले होते. चौथ्या रात्री मला शंका आली की सोलरमधले पाणी रात्री थंड होऊन आकसते आणि टाकीतून पाणी ओढते, त्यामुळे तर पातळी उतरत नसेल?

जुना_अभियंता | १९ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

शंका रास्त आहे आणि ती आपल्याला सुचली याचे कौतुक वाटते. पण आकडा पाहा. दोनशे लिटर पाणी ६० अंशांवरून ५० अंशांवर आले, तर ते जेमतेम एक लिटरने आकसते. आपल्या टाकीत ते मिलिमीटरभर दिसेल. आपले तर १८ लिटर जात आहेत.

आता सोलरच्या टाकीतून घरात उतरणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह असेल तर फक्त तो बंद करून एक रात्र काढा. पातळी तरीही उतरली तर सोलरची टाकी किंवा तिच्याआधीचा पाइप दोषी, आणि ते पाणी गच्चीवर दिसायला हवे. उतरली नाही तर गळती गरम पाण्याच्या लाइनमध्ये, भिंतीच्या आत.

गोदाकाठ | २० फेब्रुवारी, सकाळी ७.३०

उतरली नाही. म्हणजे गरम पाण्याची लाइन. ती न्हाणीघरात उतरून पुढे जिन्याच्या भिंतीतून खाली स्वयंपाकघरात जाते, असे वडिलांना आठवते. नकाशा कोणाकडेच नाही.

पाना_आणि_टेफ्लॉन | २० फेब्रुवारी, दुपारी १.००

गरम पाण्याची लाइन निघाली हे तुमचे नशीब, कारण आता पाइप स्वतःच आपला नकाशा काढून देईल. फोनला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा कोणाकडून तरी एका संध्याकाळपुरता मिळवा. हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहू शकत नाही आणि त्याला पाणीही दिसत नाही. त्याला फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते.

सोलरचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवा म्हणजे भिंत निवेल. संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडून स्वयंपाकघराचा गरम नळ दोन-तीन मिनिटे पूर्ण सोडा, मग बंद करा. हे आवश्यक आहे, कारण तासाला अडीच लिटरच्या गळतीने पाणी पाइपमधून इतके हळू सरकते की वाटेतच थंड होते. त्यानंतर एक तासभर दर दहा मिनिटांनी त्याच जागेवरून चित्रे घ्या. पाइपचा मार्ग अरुंद पट्ट्यासारखा उमटेल. पट्टा जिथे फुगून पसरट होईल आणि हळूहळू खाली ओघळल्यासारखा दिसेल, तिथे खडूने खूण करा.

कॅमेरा नाहीच मिळाला, तर रात्री अनवाणी पायांनी आणि हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहा. ओल मोजायच्या सुयांच्या यंत्रावर मात्र विसंबू नका. भिंतीत क्षार साचले असले की ते कोरड्या जागीही ओल दाखवते.

जाईजुई | २१ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

आमचा निकाल लागला. फरशीवर लाल पाणी चोवीस तास उभे राहिले, खाली काहीही आले नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅपमध्ये हिरवी बादली ओतली आणि पंचवीस मिनिटांत काकांच्या छतातून हिरवे थेंब पडले. सचिव स्वतः स्टुलावर चढून पाहत होते, त्यामुळे वाद उरला नाही. काकांचे फॉल्स सीलिंग काढल्यावर आमच्या ट्रॅपचा आणि आडव्या पाइपचा सांधा सुटलेला दिसला. खर्च आमचाच, पण आमची एकही टाइल फुटली नाही. दुरुस्ती त्यांच्या बाजूने, खालूनच झाली. ज्या गृहस्थांनी आम्हाला सगळ्या न्हाणीघराला इपॉक्सी ग्राउट मारायला सांगितले होते त्यांचा फोन मी अजून घेतलेला नाही.

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री १०.१५

कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून कॅमेरा मिळाला. पट्टा अगदी स्पष्ट उमटला, आणि फुगवटा न्हाणीघराच्या फरशीजवळ नव्हताच. तो जिन्याच्या वळणावर, डागाच्या वर जवळपास सात फुटांवर होता. तिथे कधी काही होते हे मी विसरूनच गेलो होतो. सोलर बसवण्यापूर्वी त्या जागी गीझर होता. गीझर काढल्यावर त्याच्या जोडणीचे तोंड प्लग लावून बुजवले आणि वरून प्लास्टर केले होते.

आज तिथे वीतभर चौकोन फोडला. पितळी आटे असलेल्या एल्बोला (पाइपच्या वळणाच्या जोडाला) बारीक, केसासारखा तडा गेलेला होता आणि त्याच्यातून थेंबामागून थेंब येत होता. पाणी पाइपच्या खाचेतून खाली उतरून लिंटेलवर साचत होते आणि लिंटेलच्या टोकाशी, म्हणजे दिवाणखान्यात, बाहेर पडत होते. न्हाणीघराची फरशी उखडली असती तर यातले काहीच दिसले नसते. एल्बो बदलला, चौकोन अजून उघडाच ठेवला आहे. तडा नेमका कशाने गेला असेल?

पाना_आणि_टेफ्लॉन | २३ फेब्रुवारी, रात्री १०.५०

दोन शक्यता आहेत आणि बहुधा दोन्ही मिळून. प्लग बसवणाऱ्याने टेफ्लॉनचे जास्त वेढे देऊन पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळले असेल. पितळी आटा प्लॅस्टिकमध्ये बसवलेला असतो, तिथे ताण राहतो. त्यावर सोलर. सीपीव्हीसी तापल्यावर पितळेच्या साधारण तिप्पट प्रसरण पावते, आणि सोलरमुळे हा सांधा रोज तापतो, रोज निवतो. शिवाय गरम पाण्याच्या सीपीव्हीसीची मर्यादा ८२ अंश असते. एप्रिल-मेमध्ये घर दोन-तीन दिवस बंद राहिले तर सोलरचे पाणी त्याच्या आसपास जाऊ शकते. मी अशी बंद तोंडे भिंतीत पुरत नाही. लाइन तिथून कापून सरळ जोडतो.

गोदाकाठ | २५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सर्व व्हॉल्व्ह उघडे ठेवून आणि फ्लशचे रबर बदलून दोन रात्री मोजले. दोन्ही वेळा पातळी जागची हलली नाही. आता प्लास्टर आणि रंग कधी करून घ्यावा? रंगारी उद्याच यायला तयार आहे.

जुना_अभियंता | २५ फेब्रुवारी, सकाळी ९.००

रंगाऱ्याला थांबवा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि दर रविवारी नवी रेघ मारत जा. पहिले दहा-बारा दिवस डाग तसाच राहिला किंवा खालच्या बाजूला किंचित वाढला तरी घाबरू नका. लिंटेलवर साचलेले पाणी अजून उतरत असेल. सुटलेले पोपडे आणि पांढरी पूड कोरड्या ब्रशने काढा, पाण्याने धुऊ नका. धुतले तर क्षार पुन्हा आत जिरतात. वरचा चौकोन उघडा राहू द्या, भिंतीला तिथून वारा लागेल. रेघा आत सरकत जाऊन सलग तीन आठवडे जागच्या हलल्या नाहीत की प्लास्टर करा. नाशिकचा मार्च-एप्रिल या कामाला चांगला आहे. त्या भिंतीचा एमसीबी तोवर बंदच ठेवावा.

गोदाकाठ | २५ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

पहिली रेघ मारली. आईने विचारले की पाहुणे आल्यावर काय सांगायचे. तिथे कॅलेंडर लावू नये एवढे तिला पटवून दिले आहे.